जैनबीचाची आणि बांधलेल्या जिभा

भोरची जैनबीचाची बांगड्या भरायला घरात आली, की आधी घरातल्या तान्ह्या बाळाच्या तोंडात बोट घालायची. खांद्यावरच्या बांगड्यांच्या माळा ओट्यावर उतरवायची, कढत पाणी मागून करंगळी खसाखसा धुवायची आणि थेट पाळण्याकडे वळायची. कुणी म्हटलं, "चाची, आधी हात तर भरा," की अंगावर यायची. "पैली जीब, मंग चुडा!"

आपल्या सगळ्यांच्या जिभेखाली एक पातळ पडदा असतो. एखाद्या बाळाचा तो आखूड असतो, पार जिभेच्या टोकापर्यंत चिकटलेला. मग जीभ उचलत नाही, पुढे येत नाही आणि बाळाला अंगावर पिता येत नाही. अशा जिभा शोधून काढण्याचा मक्ता चाचीला कुणी दिला होता देव जाणे. पण नसरापूर ते वेल्हे रस्त्यावरच्या गावांतलं एकही बाळ तिच्या करंगळीतून सुटलं नसेल.

आणि ती काही दरवेळी बरोबर नसायची. वरवे गावच्या एका पोराला ती आईसकट भोरच्या दवाखान्यात घेऊन गेली होती, तर पोराची जीभ चांगली नाकाला लागत होती. ते फक्त उशिरा बोलणारं होतं. डॉक्टरांनी तिला भरल्या व्हरांड्यात झाडलं. चाचीने तेवढंच उलट झाडलं आणि पुढल्या बाजाराला दुसरं पोर घेऊन हजर झाली. आमच्या गावचे तलाठी बोलताना अडखळत. त्यांना तिने चावडीसमोर उभं करून सांगितलं होतं, "रावसाब, आ करा." तलाठ्यांनी आ केला, हे विशेष. दूध न पिणाऱ्या वासराच्या तोंडातही मी तिला हात घालताना पाहिलं आहे.

बायका तिला मागे हसायच्या. मीही हसले आहे. पण तिच्या तोंडावर हसायची कुणाची छाती नव्हती, कारण चाचीचा राग भयंकर. हात आवळून धरला म्हणून राग, बांगडी हिरवी नको म्हटलं म्हणून राग, चहा गोड झाला म्हणून राग. माझं नाव शांता ठेवलं ही आमच्या घराण्यातली सर्वांत मोठी थाप, तेव्हा मला रागाची पारख आहे. चाचीचा राग पहिल्या प्रतीचा होता.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, मार्गासनीला झालं. मुलगी झाली. सुरुवातीला चांगली रडायची, मग रडणं बारीक होत गेलं. अंगावर घेतलं की धडपडायची, तोंड घालायची, सुटायची, पुन्हा धडपडायची. माझ्या छातीला चिरा पडल्या. दूध पदरातून गळायचं आणि पोर उपाशी!

आमच्या घरात थोरल्या आईचा शब्द चाले. थोरली आई म्हणजे माझी थोरली चुलती. माझे वडील, आबा, तिच्यापुढे मान वर करत नसत आणि आईला तर तोंडच नव्हतं. थोरल्या आईने निकाल दिला, "हिचं दूधच नासकं हाय." परीक्षाही झाली. माझं दूध वाटीत काढून मुंग्यांच्या वारुळाशी ठेवलं. मुंग्या आल्या नाहीत. ऊन रणरणत होतं, मुंग्या कशाला मरायला येतील? पण नाही. मुंग्यांनी माझ्यावर शिक्का मारला! पोरीला गुळाच्या पाण्याचा बोळा सुरू झाला. कापसाचा बोळा तोंडात धरायचा, त्यातलं निम्मं गालावरून ओघळायचं. आज मी स्वतः आजी झाले, तरी ती वाटी आठवली की माझ्या हाताची मूठ होते. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. पोरीच्या तोंडात एकीनेही बघितलं नाही.

बारशाच्या दिवशी चाची आली. त्या दिवशी मात्र थोरल्या आईने तिला दारातच अडवलं. "आधी माजा हात भर, मग कुठं जायचं तिकडं जा." तिच्यापुढे चाचीचंही चालेना. धुसफुसत तिने थोरल्या आईचा डावा हात भरला, मनगटभर हिरव्या बांगड्या. भरून घेता घेता थोरल्या आईने तिला माझ्या नासक्या दुधाची आणि मुंग्यांची हकिकत ऐकवली. उजवा हात धरणार, तेवढ्यात आतून पोर रडली. रडली कसली, मांजराच्या पिलासारखी कण्हली.

चाचीने हात सोडला. पाणी मागितलं, करंगळी धुतली आणि आत आली. पोरीच्या जिभेखालून बोट फिरवलं मात्र, तिचा चेहरा पालटला.

"कुनी सांगितलं हिचं दूद नासकं हाय म्हनून? पोरीची जीब बांदलीया! पार टोकाला! आन तुमी मुंग्यास्नी दूद पाजताय?"

"एवढंच ना?" कोपऱ्यातली सुईण म्हणाली. "म्या आत्ता नखानं तोडते की."

तिने अंगठ्याचं वाढवलेलं नख पुढे केलं. चाचीने तिचं मनगट असं पिरगळलं, की बाई किंचाळली.

"त्या नखानं शेन काडतीस, त्येच लेकराच्या तोंडात घालतीस व्हय गं? हिला भोरला न्यायची. डाक्टरकडं. आत्ताच्या आत्ता."

"सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतीन शिव वलांडायची न्हाई," थोरली आई म्हणाली. "हे माजं घर हाय, जैनबी. तू बांगड्या भर आन जा."

चाची उठली. बाहेर गेली, माळा गुंडाळल्या, फडक्यात बांधल्या आणि वर गाठ मारली. मग ते गाठोडं मांडीवर घट्ट धरून ओट्यावर बसली.

"न्हाई भरत."

आता पंचाईत बघा. बारशाला गाव लोटलेलं, आणि घरची थोरली सवाष्ण उजवा हात रिकामा घेऊन उभी! एका हातात चुडा आणि दुसरा मोकळा, यापेक्षा अभद्र दुसरं काही आमच्याकडे नव्हतं. जुन्या बांगड्या तर चाचीने आधीच उतरवून ठेवल्या होत्या. थोरल्या आईने हात पदरात लपवला. पण लपवलेल्या हाताने पाळण्याची दोरी कशी ओढणार? बायका कुजबुजायला लागल्या. तिने चाचीला शिव्या घातल्या, आबांना घातल्या, मला घातल्या. चाची हलली नाही.

"गाडी जुपा," शेवटी थोरली आई आबांवर ओरडली. "जाऊ द्या मसनात सगळ्यास्नी!"

बैल जुंपलेले दिसले, तेव्हा कुठे चाचीने गाठ सोडली. माझं लेकरू उपाशी मरत होतं तेव्हा घर हललं नाही. बांगड्यांसाठी हललं. हे मी कधी विसरणार नाही आणि माफ तर मुळीच करणार नाही.

नसरापूरपर्यंत बैलगाडी, पुढे सर्व्हिस मोटार. वाटभर चाची भांडत होती. गाडी हळू म्हणून आबांशी, मोटार जोरात म्हणून ड्रायव्हरशी. पोर माझ्या मांडीवर निपचित पडली होती.

डॉक्टरांनी चाचीला पाहून कपाळाला हात लावला. पण पोरीची जीभ उचलून बघितल्यावर थेट कामाला लागले. उकळलेली कात्री आणली, बोटांनी जीभ वर धरली. एकदा कच् झालं, रक्ताचे दोन थेंब आले. "लगेच पाजा," ते म्हणाले.

"डाक्टर, वरल्या वटाची शीरबी आखूड हाय," चाची पुढे सरसावली. "तीबी उडवा लगोलग."

"ओठाला हात लावायची काही गरज नाही. दात आले, की बहुतेकदा आपोआप वर सरकते."

"एवडं शिकलासा आन वटाला भ्यायलासा?"

"बाई, तुम्ही बाहेर जाता का?"

शेवटी डॉक्टरच बाहेर गेले. मी भिंतीकडे तोंड करून पोरीला घेतलं. तिने तोंड घातलं. या खेपेला सुटली नाही. एक ओढ, दुसरी ओढ, आणि मग घोट. स्पष्ट, मोठा घोट. मी रडायला लागले.

चाचीचा आवाज थांबला होता. वळून बघितलं, तर ती माझ्या गुडघ्याशी फरशीवर बसली होती आणि कान पोरीच्या गळ्याजवळ आणला होता. डोळे मिटलेले.

"चाची?"

"गप. ऐकू दे."

पोर पीत होती. चाची डोळे न उघडता म्हणाली, "माजी सकिना व्हती. अशीच. सुईनीनं नखानं तोडली, मंग ताप भरला. तिचा घोट काय मला ऐकाय मिळाला न्हाई."

चाचीला लेक होती, हे मला माहीत नव्हतं. आमच्यात कुणालाच नव्हतं. इतकी वर्षं तिच्यापुढे हात धरले, पण विचारलं कुणी नाही.

"आता दर लेकराचा ऐकते म्या," ती म्हणाली. "पर पोट भरत न्हाई."

पोरीची ओढ मंदावली. तिला झोप लागली, हनुवटीवर दूध ओघळलं. चाची कान तसाच लावून बसली होती.

मी पोरीच्या तळपायाला हलकेच टिचकी मारली आणि तिला पुन्हा जागं केलं.