दिघे काकांची नाकवाली बस

दिघे काकांनी मला फसवलं. भंगाराच्या धंद्यात मी शून्यातून उभा राहिलो, भल्याभल्यांना घासाघिशीत घाम फोडला, आणि मला गंडवलं कोणी? आमच्या फ्रीगंज पेठेतल्या एका रिटायर्ड बँकवाल्याने, ज्याला भाजीवाली कोथिंबीरसुद्धा वर टाकत नाही.

काकांना एकच विद्या येते. जुनी बस ओळखणं. तीही पुढून नाही, मागून. "तोंडाला रंग कोणीही फासतो, भिया. पाठ बघा, पाठ!" हे ते लग्नात म्हणतात तेव्हा आजूबाजूच्या बायका पदर सावरतात.

राम घाटावर एका ओळखीच्यांचं दहावं चाललं होतं. हार घातलेल्या फोटोत मयताच्या मागे बसचा कोपरा दिसत होता. काका मुलाला म्हणाले, "बाबा गेले, वाईट झालं. पण शिडीचा वाक बघ, बॉडी लाकडी सांगाड्याची बरं का!" मुलगा रडायचा थांबला. गुरुजीही वाकून बघायला लागले.

खोटं मात्र बोलत नाहीत. एका डॉक्टरांनी बसचा म्हणून दिवाणखान्यात मिरवलेला भोंगा काकांनी, डॉक्टरांचाच चहा पीत, टांग्याचा ठरवला होता.

म्हणून तर मी त्यांना बोलावलं. शेतात कडबा भरून पडलेली एक नाकवाली बस मी उचलली होती. लांब बॉनेट, दुभागलेली काच, टपावर चढायला मागे शिडी. देवास गेटच्या स्टँडवरून रात्रीची धुळ्याला जायची म्हणे. इंदूरचा एक हॉटेलवाला ती घेणार होता. अट एकच, गाडी अस्सल हवी.

काका गाडीच्या मागे गेले. बराच वेळ आलेच नाहीत. मग चष्मा पुसत आले आणि म्हणाले, "बनावट. नाक ट्रकचं आहे." हॉटेलवाला उभ्याउभ्या परत गेला.

दुसऱ्या दिवसापासून काका रोज सकाळी माझ्या आवारात हजर. बनावट गाडीत एवढं काय आहे? मी चढून पाहिलं. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर काका, आणि शेजारी खिडकीच्या जागेवर इस्त्रीचा रुमाल पसरलेला. मी टेकणार तोच ओरडले, "पवार, तिथे नको! जागा धरलीय."

"कोणासाठी? इथे तुम्ही, मी आणि उंदीर!"

"हिच्यासाठी."

काकू जाऊन दोन वर्षं झाली.

"दर मे महिन्यात माहेरी जायची. गर्दी काय असायची! खिडकीतून रुमाल टाकायचा, आत घुसायचं, जागा धरून बसायचं. ती चढली की मी उतरायचो. मग गाडी वळेपर्यंत मागून बघत उभा."

"म्हणजे ही तीच? अस्सल?"

"तीच. त्या हॉटेलवाल्याने सीटा उपटून टेबलं लावली असती हो."

माझं डोकं फिरलं. नको नको ते बोललो. ते रुमालाची घडी सरळ करत राहिले.

परवा रतलामचं एक गिऱ्हाईक आलं. घासाघीस न करणारं, असं वर्षात एखादं येतं. "भाई साब, असली है ना?"

"कहाँ की असली! नाक ट्रक की है."

आयुष्यात मी माझ्याच मालाला नावं ठेवली नव्हती. ती ठेवायला मला कोणी लावलं, याचा जाब दिघे काकांनी द्यावा. गाडीतून खाली उतरून, माझ्यासमोर उभं राहून द्यावा. रुमाल राहू दे तिथेच.