सातव्या जागेचे दोन धनी

माझ्या आवारात माझ्या शब्दावाचून ट्रकचे चाक हलत नाही, हे न्हावा शेव्यापर्यंत सर्वांस ठाऊक आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी संगणकही माझ्या आज्ञेत वागेल, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती!

आवाराला दोन फाटके, प्रत्येकावर एक संगणक. आलेल्या ट्रकला जागा नेमून देणारा प्रोग्रॅम माझी नातसून अमिषा हिने सी भाषेत लिहिला. तिने मला पडद्यावर एक ओळ दाखवली.

"आजी, हे अ‍ॅटॉमिक एक्स्चेंज. जागेवर 'भरली' लिहायचं आणि त्याच दमात आधीचं लिहिलेलं हाती घ्यायचं. हाती 'रिकामी' आलं, तर जागा आपली. 'भरली' आलं, तर पुढची बघायची. खाली असेंब्लीत, म्हणजे यंत्राच्या भाषेत, ही एकच सूचना होते. मध्ये दुसऱ्याला हातच घालता येत नाही."

"म्हणजे न पाहताच लिहायचे? पंगतीत पाट रिकामा आहे का, हे न पाहता कोणी बूड टेकतो का? आधी पाहा, मग लिही!"

"पण मग दोन सूचना होतील, आजी. त्या दोन्हींच्या मध्ये दुसरं फाटक..."

"तुझ्या माहेरी असेल तसे. येथे रीत माझी!"

तिने एका सूचनेच्या दोन केल्या. वीस दिवस एकही चूक झाली नाही. "पाहिलेस?" असे मी तिला रोज चारदा ऐकवीत होते.

एकविसाव्या दिवशी बंदराकडचे साहेब आले. वर्षभराचे काम आम्हांला द्यायचे की नाही, हे ते आवार पाहून ठरवणार होते. नेमक्या त्याच क्षणी दोन्ही फाटकांनी सातवी जागा पाहिली. रिकामी! दोहोंनीही लिहिले. भरली! दिनानाथ आणि कमलेश या चालकांचे ट्रक मारक्या रेड्यांसारखे भिडले. आरसे फुटले, दिवे फुटले!

"व्हय मागं! सातवी माजी हाय!"

"तुजी? ही फाटकावरची चिठ्ठी वाच! का डोले आगरदांड्याच्या जेटीवर इसरून आलास?"

"ही पद्धत कोणाची?" साहेबांनी विचारले.

अमिषाने माझ्याकडे पाहिले. चाळीस वर्षे या आवारावर गरजलेली मी चपलेचा अंगठा न्याहाळू लागले.

"माझी," ती म्हणाली. "आत्ता दुरुस्त करते."

आणि उभ्याउभ्या तिने जुनी ओळ परत घातली. काम मिळाले, पण अटीवर. "चूक अंगावर घेणारं माणूस आम्हांला हवं," साहेब म्हणाले. "यापुढे आवारात शब्द यांचा."

नंतर साहेब चहाला चांगला अर्धा तास बसले. खरे काय ते सांगायला एवढा वेळ भरपूर होता. मी विचारले, "साखर किती?"