'असली हात'मधला फितूर

डोन्या रेमेदिओसनी एल्पिडियोपुढे कॉफीचा कप आदळला आणि त्या कमरेवर हात ठेवून तिथेच उभ्या राहिल्या.

"पी. टाकी धुतलेलं पाणी नाही. ताजी केलीय."

एल्पिडियोच्या हातातला पाना तसाच हवेत राहिला. बावीस वर्षं तो या बाईंच्या वसतिगृहातली अकरा न्हाणीघरं सांभाळत होता. त्यांची कॉफी टाकी धुतलेल्या पाण्यासारखी लागते, हे मत त्याचंच होतं. पण ते त्याने त्यांच्या तोंडावर कधीच सांगितलं नव्हतं. काल दुपारी त्याने ते 'असली हात'वर लिहिलं होतं. आणि 'असली हात' फक्त सदस्यांसाठी होतं.

"साठ पोरींचे केस उपसून तू म्हणे न्हावी झालायस," डोन्या रेमेदिओस म्हणाल्या. "झालास तर झालास. सात नंबरची मोरी तुंबलीय, बघ जा."

मोरीतून केसांचा गोळा उपसताना एल्पिडियोच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता. फितूर.

'असली हात' त्याच्या संतापातूनच उभं राहिलं होतं. मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून कोणीही पाना हातात घ्यायचा, पाइप फोडायचा, आणि मग एल्पिडियोला बोलावून वर "एवढ्याशा कामाचे एवढे?" असं विचारायचा. शेवटी त्याने मुलीला, जोव्हेलिनला, समोर बसवलं. "इंटरनेटवर एक जागा बांध. फक्त खऱ्या कारागिरांची. आत आपण आपलं बोलू. गिऱ्हाईक नको, हौशी नको, कोणाचा भाचा नको."

जोव्हेलिनने दोन रविवार खर्च करून ती जागा बांधली. प्रवेशाचे नियम एल्पिडियोने केले. दहा वर्षांचं काम हवं आणि दोन्ही तळव्यांचा फोटो हवा. शिवाय त्याच्यासमोर परीक्षा द्यायची. प्लंबर असेल तर त्याने हात पाठीमागे धरायचे, एल्पिडियो त्यांत पाइपचा जोड ठेवणार, आणि अर्ध्या इंचाचा की पाऊण, ते नुसतं चाचपून सांगायचं. अख्ख्या हारो भागातून चाळीस जण पास झाले. प्लंबर, वायरमन, वेल्डर, गवंडी, सुतार असे सगळे होते. एल्पिडियो धरून एक्केचाळीस. त्यांतला एक जण आता बाहेर बोलत होता.

जोव्हेलिन ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी तीन आठवडे मनिलाला गेली होती. त्यामुळे तपास एल्पिडियोने स्वतःच हाती घेतला. कॉफीच्या मजकुराखाली हसरा चेहरा फक्त एकाने टाकला होता, टेओफिलो वायरमनने. एल्पिडियो थेट त्याच्या घरी गेला.

"तुला काढलंय."

"मानोंग, दादा, जरा ऐक. मी सांगतो काय झालंय ते..."

"तू काही सांगू नकोस! तुझ्या सांगण्यानेच हे झालंय!"

आणि त्याने 'असली हात'वर जाहीर केलं, की फितूर सापडला आहे, टेओफिलोची हकालपट्टी झाली आहे, इतरांनी धडा घ्यावा.

अर्ध्या तासाने चौकात बारांगाय कॅप्टनने, म्हणजे वस्तीच्या सरपंचाने, त्याला थांबवलं. कॅप्टन पूर्वी शाळामास्तर होते. "एल्पिडियो, टेओफिलोला काढायची घाई केलीस तू. आणि 'फितूर' शब्दात तू दीर्घ असतो. पुढच्या वेळी नीट लिही."

एल्पिडियोची कानशिलं तापली. मजकूर टाकून जेमतेम तीस मिनिटं झाली होती. टेओफिलो तर तेव्हा बाहेर होता. म्हणजे फितूर अजून आत होता! त्या अर्ध्या तासात ज्यांनी ज्यांनी मजकूर उघडला होता, त्या नऊ जणांना त्याने तिथेच चौकात उभ्या उभ्या काढून टाकलं.

त्यांतला एक होता गाउदेन्सियो गवंडी, आणि तो त्या घडीला एल्पिडियोच्याच स्वयंपाकघराची भिंत बांधत होता. एल्पिडियो घरी पोचला तेव्हा गाउदेन्सियो थापी धूत होता.

"भिंत अर्धीच आहे अजून!" एल्पिडियो ओरडला.

"असेल. मी खोट्या हातांचा माणूस. खऱ्या हातांचा बोलाव कोणीतरी. जाता जाता एक सांगतो, मानोंग, ते तुझं पान..."

"नीघ!"

गाउदेन्सियो निघाला. अर्ध्या भिंतीवरून शेजाऱ्याचा कोंबडा आत आला आणि पावावर चढला. त्याच संध्याकाळी घरातला पंखा बंद पडला. टेओफिलोला बोलावायची सोय नव्हती. बाकीचे तिघे वायरमन त्या नऊ जणांतच गेले होते. एल्पिडियोची बायको एस्तेर पुठ्ठ्याने वारा घेत म्हणाली, "फारच मोठी संघटना बांधलीस रे. घरात साधा पंखा फिरेना."

दुसऱ्या दिवशी एल्पिडियो टेओफिलोच्या बायकोच्या, मिलाग्रोसच्या, बाचोयच्या गाडीवर गेला. गरम शेवयांचा वाडगा पोटात गेल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे. मिलाग्रोसने बाकावर फडकं टाकलं.

"जागा नाही."

"अख्खा बाक रिकामा आहे!"

"आहे. पण फक्त सदस्यांसाठी."

गाडीवर बसलेले सगळे खो खो हसले. हे हसणारे एकूणएक बाहेरचे होते आणि त्या एकूणएक लोकांना हकालपट्टीची बातमी होती. एल्पिडियो उपाशीपोटी माघारी फिरला आणि त्याने आणखी एकोणतीस नावं खोडली. ज्यांच्या बायका बोलक्या त्यांना काढलं, ज्यांच्या बायका गप्प असतात त्यांना जास्त संशयाने काढलं.

उरले दोघे. तो स्वतः आणि एकाहत्तर वर्षांचा बोनिफासियो सुतार.

"तू कोणाला काही सांगितलंस?" एल्पिडियोने त्याला रंधा मारताना गाठलं.

"कशाबद्दल?"

"'असली हात'बद्दल!"

"अरे, मी त्यात आहे?" बोनिफासियो खूश होऊन म्हणाला. त्याचा अर्ज सुनेने भरला होता, आणि त्याच्या फोनवर फक्त फोन येत असे.

खबरदारी म्हणून एल्पिडियोने त्यालाही काढलं. मग तो पायरीवर बसला आणि ज्या जागेत आता त्याच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं, तिथे त्याने एक धादांत खोटी गोष्ट लिहिली. डोन्या रेमेदिओसच्या मागच्या टाकीत आठवडाभर मेलेली पाल पडली आहे. "आता बघू कोण फोडतो ते!" तो दात खाऊन म्हणाला.

वीस मिनिटांत फोन वाजला.

"एल्पिडियो!" डोन्या रेमेदिओस किंचाळत होत्या. मागे साठ पोरी किंचाळत होत्या. "पाल मागच्या टाकीत म्हणजे डावीकडच्या की उजवीकडच्या?"

एल्पिडियोने फोन ठेवला. ही गोष्ट सबंध जगात त्याला एकट्याला माहीत होती. त्याने आत जाऊन हळूच विचारलं, "एस्तेर, मी झोपेत बोलतो का गं?"

"जागेपणी थांबलास, तर लक्ष देऊन ऐकीन."

जावं तर लागणारच होतं. भर उन्हात त्याने दोन्ही टाक्या उपसल्या. पाल नव्हतीच, तर निघणार कुठून? पण पोरींनी बादल्या आडव्या ठेवून बजावलं, की पाल बघितल्याशिवाय इथल्या पाण्याचा थेंब पिणार नाही. 'मी खोटं लिहिलं' हे तर त्याला सांगता येत नव्हतं. अखेर त्याने कोठीच्या छतावरची एक पाल पकडली आणि गुपचूप बादलीत टाकली. ती जिवंत होती. आठवडाभर पाण्यात राहून एवढी टुणटुणीत राहिली म्हणून डोन्या रेमेदिओसनी तिचं फार कौतुक केलं.

तीन आठवडे संपले आणि जोव्हेलिन परतली. अर्धी भिंत, बंद पंखा आणि पावावरचा कोंबडा तिने एकदा बघून घेतला. तिने वडिलांचा फोन घेतला, चार ठिकाणी बोट लावलं आणि कपाळावर हात मारला.

"पापा, 'फक्त सदस्य' हे लिहिण्यापुरतं लागलंय. वाचायला दार सताड उघडं आहे. गळक्या नळासाठी प्लंबर शोधणाऱ्या कोणालाही हे पान दिसतं."

"कोणी ठेवलं उघडं?"

"मी विचारलं होतं, वाचणार कोण? तुम्ही म्हणालात, सगळे."

"सगळे म्हणजे आपले सगळे!"

"मशीनला आपले कुठले कळतात?"

रविवारी चर्च सुटल्यावर एल्पिडियो मिलाग्रोसच्या गाडीसमोर उभा राहिला. चाळीसच्या चाळीस जण तिथे होते. माफी मागायची म्हणजे काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो ओरडूनच म्हणाला, "चूक माझी होती! पान उघडं होतं!"

कोणी दचकलं नाही. टेओफिलोने शेवया चमच्यावर घेतल्या. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पान सुरू झालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून. गिऱ्हाइकांनीच सांगितलं."

"चाळीस जणांना माहीत होतं? आणि एकानेही मला सांगितलं नाही?"

"मी सांगत होतो. तू मला काढलंस."

"मी थापी धुताना सांगत होतो," गाउदेन्सियो म्हणाला.

"त्याच्या आधी का नाही सांगितलंत, गाढवांनो?"

गाउदेन्सियो म्हणाला, "मानोंग, खरं सांगू? त्या पानामुळे लोक सुधारले. माझ्या डोक्यावर उभं राहून 'अशी नाही, तशी वीट लाव' म्हणणारा एकही माणूस दोन महिन्यांत भेटला नाही. बंद कशाला करायचं?"

"आणि तुझा राग वाचायला लोक सकाळी माझ्याकडे थांबतात," मिलाग्रोस म्हणाली. "दोन वाडगे जास्त खातात."

एल्पिडियो आणखीच भडकला. तत्त्व म्हणजे तत्त्व. सगळ्यांना परत आत घेतलं जाईल, आणि दाराला पक्कं कुलूप लागेल!

त्या संध्याकाळी जोव्हेलिनने कुलूप लावलं. गाउदेन्सियोने भिंत पुरी केली, टेओफिलोने पंखा फिरवला. 'असली हात'वर पहिल्या दिवशी तिघांनी "सुप्रभात" लिहिलं. दुसऱ्या दिवशी एकाने लिहिलं. मग सगळं थंड पडलं. आठव्या दिवशी एल्पिडियोला एका दाताच्या डॉक्टरने बोलावलं. त्या गृहस्थाने व्हिडिओ बघून नळाची गळती दात भरायच्या सिमेंटने बंद केली होती, आणि आता नळ ना उघडत होता ना निघत होता. वर तो डॉक्टर एल्पिडियोला म्हणाला, "तुम्ही लोक यात कसला वेळ घालवता हो?"

एल्पिडियो घरी आला तो धुमसतच. त्याने एका बैठकीत चार परिच्छेद लिहिले. इतकं जळजळीत त्याने आयुष्यात लिहिलं नव्हतं. तिसऱ्या परिच्छेदावर तो स्वतःच मांडीवर थाप मारून हसला. मग त्याने वाट बघितली. दोघांनी मजकूर उघडला. कोणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी बाचोयच्या गाडीवर त्याच्याकडे बघून कोणी हसलं नाही. चौकात कॅप्टनने नुसती मान हलवली आणि ते पुढे गेले. दाताचा डॉक्टर तर समोरच्या फुटपाथवरून शीळ घालत गेला.

जोव्हेलिन भात वाढून घेत होती. एल्पिडियो तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

"ते कुलूप."

"काय झालं? गळतंय?"

"नाही. पक्कं आहे." त्याने रागारागाने खिडकीबाहेर बघितलं, तिच्याकडे बघितलं, परत खिडकीबाहेर बघितलं. "अर्धा फेरा सैल कर."