फोटोतले अर्धे बोट

हुतूतूची ढाल जिंकून कासारवाडीचा संघ सोमवारी संध्याकाळच्या गाडीने पुण्याहून घरी आला, आणि मंगळवारी सकाळी वर्तमानपत्राने त्याला हरवले.

गावात वर्तमानपत्राचा एकच अंक यायचा, तो युसुफभाईच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात. कप्तान दत्तोबा जवळकर उजाडायच्या आत तिथे हजर. त्याला स्वतःला सहीपुरतेच अक्षर येत होते.

"माझं नाव कुठं हाय, तेवढं वाच."

युसुफभाईने चष्मा पुसला. "‘पुण्याच्या नामवंत संघाची झुंजार खेळी. कप्तान उद्धवराव यांनी प्रेक्षकांची मने जिंकली.’"

"मनं ऱ्हाऊ दे. ढाल कुनी जिंकली?"

"थांब की. ‘अखेरच्या क्षणी दैवाने साथ न दिल्याने संघ दोन गुणांनी मागे पडला.’ बस्स, संपलं."

"दैव कुठलं? मी पाय धरला व्हता त्याचा!"

शेजारी फोटो होता, चांगला वीतभर. उद्धवराव ऐटीत कोसळत होते आणि कोपऱ्यात त्यांच्या घोट्याला दोन हात चिकटलेले होते. मनगटाच्या मागचा दत्तोबा कात्रीने उडवला होता. मोठ्या शहरांची ही रीतच आहे. त्यांचा माणूस पडला तर पडण्याचेही कौतुक, आणि खेड्यातला जिंकला तर त्याचे हात तेवढे छापायचे.

नुसत्या मानापानाची गोष्ट असती तर दत्तोबाने चार शिव्या हासडून सोडून दिले असते. पण इथे पोटावर पाय येत होता. तो कामाला होता त्या कारखान्यातले तिघे महिन्यापूर्वी चुलत्याच्या दहाव्याची रजा काढून गेले आणि कुस्त्यांच्या फडात सापडले. तेव्हापासून फोरमन दौलतरावांनी खेळासाठी रजा हवी असेल तर छापील पुरावा मागायला सुरुवात केली होती. दत्तोबाने सोमवारी सामन्यासाठी रजा घेतली होती; शनिवारपर्यंत नाव छापून आले नाही, तर हजेरीपटावरचे नाव कायमचे जाणार.

दत्तोबा ढाल काखोटीला मारूनच कामावर गेला.

"ढाल काय, बाजारात मिळते," दौलतराव म्हणाले. ते स्वतः पुण्याचे, आणि उद्धवरावांचे निस्सीम भक्त.

"मंग ह्यो फोटो बघा." दत्तोबाने उजवा पंजा कात्रणाशेजारी ठेवला. दोन्हीकडे तर्जनी अर्धीच होती. "ह्याच कारखान्यातल्या प्रेस मशिननं खाल्लंया ते बोट."

दौलतरावांनी भिंगातून फोटो पाहिला, बोट पाहिले. "बोट तुझंच. पण साहेबाच्या फायलीत काय बोट लावू? नाव आण."

बुधवारी शिफ्ट सुटल्यावर तो पुण्यात वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला. संपादकांनी शांतपणे ऐकून घेतले.

"कासारवाडीत आमचे अंक किती जातात?"

"एक. त्यातबी दुपारी भजी बांधत्यात."

"आणि उद्धवरावांच्या नुसत्या पेठेत चार हजार. एवढ्या लोकांना सकाळी चहाबरोबर हरल्याचं कसं हो सांगायचं?"

"पन हरलेत की त्ये!"

"ते त्यांना माहीत आहे. छापायचं कशाला?" दत्तोबाचा चेहरा बघून त्यांना थोडी दया आली असावी. "बरं, चूक दुरुस्त करतो."

गुरुवारी खरोखरच दुरुस्ती छापून आली. ‘कप्तान उद्धवराव यांचा उजवा घोटा दुखावल्याचे आम्ही काल छापले होते. तो डावा आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’

"घोट्याबद्दल दिलगीर!" दत्तोबा कडाडला. युसुफभाईने अंक घडी करून ठेवला.

आता उरला एकच साक्षीदार, ज्याचा पाय धरला तो. संध्याकाळी डझनभर केळी घेऊन दत्तोबा उद्धवरावांच्या दारात उभा राहिला. आत चाहत्यांची ही गर्दी. उद्धवराव पाय उशीवर ठेवून पडले होते, शेजारी त्याच वर्तमानपत्राचा वार्ताहर बसला होता.

माणूस मात्र दिलदार निघाला. दत्तोबाला पाहताच उठून बसला. "या राव, या! काय पकड होती तुमची! अहो, यांनीच हरवलं आम्हाला. ढाल यांच्याकडे आहे. लिहा, लिहा!"

वार्ताहराने पेन्सिल जिभेला लावली. "नाव?"

दत्तोबाने तीनदा सांगितले, गावासकट. त्या रात्री त्याला सोमवारनंतर प्रथमच गाढ झोप लागली.

शुक्रवारी युसुफभाईने वाचले, ‘जखमी कप्तानाकडे चाहत्यांची रीघ. थेट कासारवाडीहून श्री. दत्तोबा जवळकर केळी घेऊन आले.’ आणि पुढे वाचायला काहीच नव्हते.

दौलतरावांना मात्र गहिवरून आले. "लेका, आधी नाही का सांगायचंस, तू आपल्यातलाच म्हणून!" त्यांनी कात्रण अर्जाला टाचले आणि रजेच्या कारणापुढे लिहिले: ‘उद्धवरावांचे चाहते. भेटीस गेले.’

"पन रजा सोमवारची, भेटलो गुरुवारी."

"नाव छापलंय ना? तारखेचं मी बघतो. कर सही."

दत्तोबाने अर्ध्या बोटात टाक धरला आणि नोकरी वाचवली.

घरी आला तर त्याच्या बायकोने, सुभद्राबाईंनी, युसुफभाईकडचा अंक आणून बातमी कापली होती, काचेत बसवली होती आणि भिंतीवरच्या एकुलत्या एका खिळ्याला अडकवली होती. खिळ्यावरची ढाल खाली उतरून पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून बसली होती.

"अगं, ती ढाल जिंकलीया मी!"

"असंल," सुभद्राबाई पदराने काच पुसत म्हणाल्या. "पन तिच्यावर तुमचं नाव कुठं हाय?"