पंच्याण्णव टक्के खेकडा

जरा कल्पना कर. तू दहा वर्षांची आहेस, तुझं नाव मनवा आहे आणि येत्या शनिवारी तुला खेकडा व्हायचं आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये समुद्राचं नाटक आहे. त्यात खेकड्याला एकच वाक्य आहे, "मी आडवा चालतो, पण पोचतो!" वाक्य एकच असलं तरी ते जोरात म्हणायचं आणि म्हणताना दोन्ही नांग्या वर करायच्या. नांग्या ज्याच्या त्याने घरून आणायच्या. बाईंनी बजावून ठेवलंय, "शनिवारी सकाळी नांग्या नसतील, तर खेकडा नाही. मग तू दगड." दगडाला वाक्य नसतं. शिवाय दगडावर कासव बसतं. कासव शंतनू आहे, आणि तो एकदा बसला की नाटक संपेपर्यंत उठत नाही.

केलीस कल्पना? छान. आता घाबरू नकोस, कारण तुझ्या आईचा डिझाइनचाच धंदा आहे.

मनवाच्या आईचं, सुमेधाचं, 'सुमेधा आर्ट्स' ठाकूरद्वारला एका मसाल्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत होतं. लग्नपत्रिका, खाऊची पाकिटं, दुकानांच्या पाट्या, जे येईल ते. माणसं तीन. एक सुमेधा, दुसरा कॉम्प्युटरवर बसणारा प्रितेश आणि तिसरे भिवाकाका. काकांनी चाळीस वर्षं ब्रशने पाट्या रंगवल्या होत्या. ते बोलत मालवणीत आणि रंगवत शुद्ध मराठीत.

सगळं बरं चाललं होतं. मग एकदा एका लग्नपत्रिकेची आणि एका पापडाच्या पाकिटाची अदलाबदल झाली. पूर्ण नाही, अर्धीच. पत्रिकेत 'चि. राजेश' या नावाखाली छापून आलं, 'मंद आचेवर भाजावे व हवाबंद डब्यात ठेवावे.' पापडाच्या पाकिटावर आलं, 'सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे.' पापड हातोहात संपले, पण चि. राजेशच्या आईने जिना चढून येऊन जे ऐकवलं, त्याने खालच्या दुकानातल्या मिरच्याही थोड्या फिक्या पडल्या.

सुमेधाने ठरवलं, धंद्याला शिस्त हवी. तिने दादरला तीन दिवसांचं शिबिर केलं आणि येताना एक जाड फाइल व यशोधन सर घेऊन आली. लहान धंदे मोठे कसे करावेत, हे सर शिकवत. त्यांनी स्वतः आयुष्यात काहीच बनवलं नव्हतं, त्यामुळे त्यांची दृष्टी अगदी निर्मळ होती.

सोमवारी मनवा शाळेतून धावतच आली. "आई, मला शनिवारी नांग्या हव्यात. दोन. लाल!"

"डेंगे?" भिवाकाका खूश झाले. "पुठ्ठो नि कातर. अर्ध्या तासाचा काम, गो."

यशोधन सर हळुवार हसले. "काका, याच घाईत नवरदेव भाजला गेला."

भिवाकाकांनी उचललेली कात्री खाली ठेवली. सुमेधाने मुलीच्या हातात कागदांचा गठ्ठा ठेवला. "मनू, इथे तू क्लायंट आहेस हं. आधी फॉर्म भर."

फॉर्मात एकतीस प्रश्न होते. मनवाने जीभ दातांत धरून सगळे सोडवले. 'आपला मुख्य स्पर्धक कोण?' तिने लिहिलं, 'कासव.' 'आपली बलस्थाने?' 'नांग्या, पण अजून मिळाल्या नाहीत.' 'पाच वर्षांनी आपण स्वतःला कुठे पाहता?' यावर ती बराच वेळ विचार करत बसली. मग लिहिलं, 'वाळूत.'

"व्वा," सर म्हणाले. "ध्येय स्पष्ट आहे."

मंगळवारी सभा झाली. सभा उभ्याने घेतली की लांबत नाही, असा नियम होता. म्हणून ती उभ्याने अडीच तास चालली. खेकडा-प्रमुख म्हणून प्रितेशची निवड झाली. भिवाकाकांना पुठ्ठा कापता येतो, म्हणून कापण्यातल्या चुका तपासायचं काम त्यांना मिळालं. ज्याच्या चुका तपासायच्या, ते त्यांनी स्वतः करणं अर्थातच नियमात बसत नव्हतं.

"सर," भिवाकाका गुडघे चोळत म्हणाले, "बसाचो अर्ज खंय गावता?"

बुधवारी कात्री कपाटात गेली. कोण केव्हा काय कापतो याची नोंद नको? कात्री हवी असेल तर तीन इंची चौकोनी चिठ्ठीवर अर्ज करायचा. कागद होते, पण ते सगळे मोठे होते. चिठ्ठी कापायला कात्री लागत होती.

"टेन्शन नको घेऊ, मनू," प्रितेश म्हणाला. "चिठ्ठ्यांसाठी वेगळी कात्री मागवलीय. तिच्या अर्जाचं बघतोय."

गुरुवारी भिंतीवर फळा लागला. त्यावर तीन रकाने होते, 'करायचे', 'चालू' आणि 'झाले'. खेकड्याच्या कामाचे बेचाळीस तुकडे करून प्रत्येकाचा एकेक पिवळा कागद चिकटवला. 'लाल म्हणजे कोणता लाल यावर चर्चा', 'चर्चेचा आढावा', 'आढाव्याबद्दल आभार'. शेजारी लालबागहून छापून आणलेला पाच फुटी तक्ता टांगला. चांगल्या जाड पुठ्ठ्यावर, लालभडक, वर ठळक अक्षरांत 'आमची कार्यपद्धती', खाली बाणांनी जोडलेल्या सूचनांचे चौकोन. त्या आठवड्यात सुमेधा आर्ट्सने तेवढीच एक गोष्ट पुरी केली. हिंदमाताचा एक साडीवाला सेलच्या बॅनरसाठी येऊन गेला. बॅनर तयार नव्हता आणि तोवर सेलही संपला होता, पण जाताना त्याच्याकडून अभिप्रायाचा फॉर्म मात्र भरून घेतला.

मनवालाही तो फॉर्म मिळाला. 'नांग्या कशा वाटल्या?' तिने लिहिलं, 'आल्याच नाहीत.' सरांनी त्याची नोंद 'तक्रार नाही' अशी केली.

शुक्रवारी संध्याकाळी खालून बटाटेवडे आले. सरांनी फळ्याकडे हात केला. बेचाळीसपैकी चाळीस कागद 'झाले'त होते. "पंच्याण्णव टक्के खेकडा तयार आहे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुमेधाचे तर डोळे भरून आले.

मनवा फळ्याजवळ गेली. उरलेले दोन कागद तिने मोठ्याने वाचले. "पुठ्ठा कापणे. पुठ्ठा चिकटवणे."

मग ती वळली.

"आई," ती म्हणाली, "उद्या मी दगड आहे."

सुमेधाने मुलीकडे पाहिलं. फळ्याकडे पाहिलं. पुन्हा मुलीकडे पाहिलं, आणि हातातला वडा खाली ठेवला. तोवर मनवाची नजर फळ्याशेजारी गेली होती. जाड होता. पाच फूट होता. लाल होता.

ती स्टुलावर चढली आणि तक्ता उतरवू लागली. दुसरं टोक तिच्या आईने धरलं.

"एक मिनिट!" यशोधन सर ओरडले. "ही बदलाची विनंती आहे! तिला स्वतंत्र अर्ज लागतो!"

"सर, तुम्ही अर्ज भरायला घ्या," प्रितेश म्हणाला, "तोवर आम्ही कापतो."

भिवाकाकांनी ब्रशच्या डब्यातून जुनं पातं काढलं. हे पातं कुठल्याच नोंदवहीत नव्हतं. एकोणतीस मिनिटं लागली.

शनिवारी खेकडा आडवा आडवा चालत स्टेजवर आला. उजव्या नांगीवर लिहिलं होतं, 'जबाबदारी कोणाची?' डाव्या नांगीवर, 'पुढील टप्प्यास पाठवावे.' "मी आडवा चालतो, पण पोचतो!" असं तो ओरडला आणि हॉल हसून लोळला. सगळ्यात जोरात टाळ्या यशोधन सरांच्या होत्या. सोमवारी त्यांनी शेवटचे दोन कागद 'झाले'त सरकवले, पद्धत यशस्वी झाल्याचं जाहीर केलं आणि नवा कागद चिकटवला, 'हरवलेला तक्ता शोधणे'.

आणि मनवा? तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढच्या आठवड्यात परीक्षा होती. सुमेधा म्हणाली, "मनू, आता नाटक पुरे. अभ्यासाला बस."

मनवा लगेच बसली. तक्त्याचा उरलेला पुठ्ठा घेऊन तिने पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर सुरेख वेळापत्रक आखलं. सात दिवस, दिवसाला सहा चौकोन, एकूण बेचाळीस. गणित हिरवं, इतिहास तपकिरी, मराठी जांभळं. चारी बाजूंनी दुहेरी वेलबुट्टी. संध्याकाळपर्यंत मान वर नाही.

"कुठवर आला अभ्यास?" आईने विचारलं.

"पंच्याण्णव टक्के झाला," मनवा म्हणाली. "फक्त वाचायचं राहिलंय."

तू हसू नकोस. तुझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर काय चिकटवलंय, ते मला इथून दिसतंय.

मनवाने वेळापत्रक लांब धरून पाहिलं, डोकं वाकडं केलं, आणि ती सोनेरी स्केचपेन शोधायला उठली.