शेटे सरांचे सोयरे

आमच्या कॉलेजातल्या शेटे सरांसमोर साधी बातमी सांगायचीही सोय नव्हती. भोरच्या स्टँडजवळचा हॉटेलवाला एकदा म्हणाला, "नीरेला पूर आलाय." सरांनी कप खाली ठेवला.

"स्वतः पाहिलात?"

"न्हाई, सारोळ्याच्या ट्रकवाल्यानं सांगितलं."

"मग तसं म्हणा. ज्याचं त्याला द्यावं!"

हे 'ज्याचं त्याला द्यावं' ऐकून माझे कान किटले होते. मी त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस, त्यामुळे सुटका नव्हती. सर पेशींचे अभ्यासक. वेल्ह्याच्या डोंगरातल्या रानकांद्यांची कोवळी मुळं कापायची, रंगवायची, काचपट्टीवर अंगठ्यानं दाबायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीतली गुणसूत्रं मोजायची. यात पंधरा वर्षं गेली आणि लग्न राहून गेलं.

त्यांचा एकच निबंध परदेशी मासिकात आला होता. एकाच माळावरच्या रानकांद्यांत गुणसूत्रांचे दोन वेगळे आकडे सापडतात, हा त्यांचा शोध. तेव्हापासून सर दर वर्षी पहिल्या एसटीनं पुण्याच्या ग्रंथालयात जात. तिथं एक जाडजूड सूची यायची. जगात कुणी तुमच्या लेखाचा दाखला दिला, तर त्याचं नाव त्यात तुमच्या नावाखाली छापलेलं असे. परत आले की सर सांगत, "यंदा दोन सोयरे वाढले. एक स्वीडनचा, एक जपानचा." असे एकूण नऊ सोयरे झाले होते. दिवाळीला त्या नवांना पत्रं जात. सख्खा भाऊ सासवडला होता, त्याला साधं कार्डही नाही.

मग एका परदेशी प्राध्यापकांचं पत्र आलं. त्यांच्या पुस्तकातलं अख्खं प्रकरण सरांच्या शोधावर उभं होतं. छापायला जाण्याआधी एकदा खात्री करून लगेच कळवा, अशी विनंती होती. त्या दिवशी सर आनंदानं जेवलेच नाहीत. ताजे कांदे आणायला आम्ही वेल्ह्याकडच्या विंझर गावी सोनाबाईंकडे गेलो. निबंधासाठीचे कांदे त्यांनीच उकरून दिले होते.

"सोनाबाई, मागं दिले तसेच हवेत. त्याच माळावरचे, सगळे."

सोनाबाई हसल्या. "समदं कुठं माळावरचं व्हतं, सर? त्या साली निम्मी पिशवीच भरली. मंग डोंगर वलांडून नणंदंकडं आंबवड्याला गेले. तिच्या बांधावरचं उकरून पिशवी भरली म्या."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"त्यात काय सांगायचं? तुमी लई आशेनं आलेला. अर्धी पिशवी कशी हातात द्यायची?"

सर ओट्यावर बसले. म्हणजे दोन आकडे एका माळाचे नव्हतेच, दोन गावांचे होते. दोन गावच्या कांद्यांत फरक निघाला तर त्यात नवल ते काय? सरांनी मात्र सोनाबाईंचा चहा घेतला आणि साखर छान पडलीय म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी टपाल निघायला तासभर उरला होता. टाइपरायटरवर कागद चढवून मी बसलो होतो आणि सर खिडकीपाशी उभे. मला राहवेना.

"सर, 'खात्री केली' एवढंच लिहू. विंझरला चौकशी करायला कोण गोरा येतोय?"

"लिहा," सर म्हणाले, "माझा निष्कर्ष चुकीचा आहे. मी तो मागं घेतो. मासिकालाही हेच कळवतो आहे."

मी टाइप केलं. हे वाचल्यावर नवांतला एकही सोयरा टिकणार नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. म्हणून मी शेवटचा प्रयत्न केला. "निदान असं तरी घालू, की कांदे आणणाऱ्या बाईनं फसवलं."

सरांनी टेबलावर मूठ आपटली. पंधरा वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

"फसवलं? कांदे कुठले, हे विचारायचं काम माझं होतं. चूक माझी, असं लिहा!"

मी तसं लिहिलं. सरांनी सही केली, पाकिटाला गोंद लावला आणि ते कितीतरी वेळ अंगठ्यानं दाबत राहिले. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले,

"मला वाईट वाटू नये म्हणून ती बाई डोंगर ओलांडून आंबवड्याला गेली हो. माझ्यासाठी इतकं लांब आजवर कोण चाललंय?"