सहाशे चिपा आणि लाल दिवा

सकाळी सव्वानऊला दशांशने जाहीर केलं की चारच्या ठोक्याला सहाशेच्या सहाशे चिपा तयार असतील, चुका शून्य, तेव्हा काकींनी दाताच्या डॉक्टरकडे खुशाल जावं आणि मागची काळजी करू नये.

दशांश हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. कारखान्यात आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात तिने सांगितलं होतं की इथे चहाच्या सुट्टीला सरासरी अकरा पूर्णांक चार मिनिटं लागतात. त्याच दिवशी तिचं बारसं झालं. भौतिकशास्त्राची ताजी पदवी, नाकावर चष्मा, खिशात सहा इंची पट्टी. तीन महिन्यांची उमेदवारी आज संपत होती. तिला कायम करण्याचं पत्र टाइप होऊन साहेबांच्या खणात पडलं होतं. आजची ऑर्डर वेळेवर आणि बिनचूक गेली की सही करीन, असं साहेबांनी कबूल केलं होतं.

ऑर्डर होती अंडी उबवण्याची यंत्रं बनवणाऱ्या एका गृहस्थांची. त्यांना सगळे उबवणीवाले म्हणत. एका यंत्रात एक चिप. अंड्यांना किती ऊब द्यायची, ती कधी फिरवायची, हे सगळं त्या नखाएवढ्या तुकड्यात लिहिलेलं. चिप कोरी गेली तर यंत्र ढिम्म, अंडी गार आणि पिल्लांचा कार्यक्रम रद्द!

हे लिहिण्याचं मशीन म्हणजे एक चपटी पेटी. तिच्यावर आठ सॉकेट, प्रत्येकाला झाकण आणि पुढे एक दिवा. आठ कोऱ्या चिपा बसवायच्या, झाकणं दाबायची, बटण दाबायचं. मशीन लिहितं, लिहिलेलं स्वतःच परत वाचून बघतं आणि सगळं जुळलं की हिरवा दिवा लावतं. बिनसलं तर लाल. एवढं सोपं.

हे मशीन चालवणाऱ्या काकी मात्र बारा वर्षं त्यात एक भर घालत आल्या होत्या. चिप तयार झाली की तिच्या पाठीवर नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका! दशांशला हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं. हिरवा दिवा लागला म्हणजे खात्री झाली, मग वर पुन्हा टिकली कशाला? तिने दोन ट्रे मांडले. डावीकडे कोऱ्या, उजवीकडे तयार. ठिपके बंद.

"आणि ट्रे हलले तर?" काकींनी सुजलेल्या गालावर हात ठेवत विचारलं.

"ट्रे स्वतःहून कसे हलतील, काकी?"

दाढ ठणकत असताना भौतिकशास्त्राशी वाद घालणं काकींना झेपण्यासारखं नव्हतं. त्यांनी पर्स उचलली आणि गेल्या.

कोऱ्या चिपा मोजून मांडण्यातच अकरा वाजले. मग एक वाजेपर्यंत अडतीस फेऱ्या झाल्या. अडतीस आठे तीनशे चार. सगळ्या हिरव्या. दशांशने वहीत नोंद केली, खाली पट्टीने रेघ मारली आणि ती राणीसारखी जेवायला गेली.

ट्रे स्वतःहून हलले नाहीत. त्यांना स्टोअरवाल्या भाऊंनी हलवलं.

भाऊ म्हणजे सज्जन माणूस, पण अर्धवट भरलेला ट्रे दिसला की त्यांच्या पोटात दुखायचं. स्टोअरमध्ये अर्धं खोकं, अर्धी बरणी, अर्धा गठ्ठा त्यांनी आयुष्यात ठेवू दिला नव्हता. ते सोल्डरचं रीळ द्यायला आले आणि बघतात तर काय, एकाच मालाचे दोन अर्धे ट्रे! त्यांनी मायेने सगळ्या चिपा एका मोठ्या ट्रेमध्ये ओतल्या, हलवून सारख्या केल्या, मोजल्या आणि वर चिठ्ठी चिकटवली: सहाशे, बरोबर.

दशांश परत आली. चिठ्ठी वाचली. मग उजव्या ट्रेच्या जागी राहिलेल्या रिकाम्या टेबलाकडे ती इतका वेळ बघत राहिली की भाऊंना वाटलं, पोरीला जेवण बाधलं.

भाऊंना आपण काय केलंय ते कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. दशांश रडली नाही. शास्त्र शिकलेल्या माणसाने रडायच्या आधी उपाय शोधायचा असतो, आणि उपाय होता. मशीनवर चिप कोरी आहे का हे तपासण्याचं वेगळं बटण होतं. कोरी असली तर मशीन खूश, हिरवा दिवा. कोरी नसली तर तक्रार, लाल दिवा. म्हणजे सहाशे चिपा तपासायच्या, तीनशे चार लाल निघतील त्या तयार, दोनशे शहाण्णव हिरव्या निघतील त्या लिहायच्या राहिलेल्या. ती बसवणार, भाऊ काढून दोन खोक्यांत टाकणार.

बावीस फेऱ्या झकास झाल्या. तेविसाव्या फेरीला दशांशने मान वळवून पाहिलं तर भाऊ लाल दिव्याच्या चिपा खाली भंगाराच्या बादलीत टाकत होते.

"भाऊ, लाल चांगली."

"लाल कधीपासून चांगली?"

"आजपासून. म्हणजे आत्तापुरती."

भाऊंनी ते तोंडाने मान्य केलं. हाताने केलं नाही. वीस वर्षं जो हात लाल दिसताच बादलीकडे वळला, तो एका दुपारात कसा सुधारणार? शेवटी दशांशने मोठा कागद घेतला, लाल म्हणजे चांगली, हिरवी म्हणजे कोरी, असं ठळक लिहून मशीनवर चिकटवला, बादली आणि सरमिसळ झालेली दोन्ही खोकी ट्रेमध्ये उपडी केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

अडीचला काकी परतल्या. दाढ काढलेली, तोंडात हा एवढा कापसाचा बोळा, तासभर तोंड उघडू नका अशी डॉक्टरांची ताकीद. त्यांनी मशीनवरचा कागद वाचला. दशांशने त्यांना सगळा प्रकार आकडेवारीसह सांगितला. काकींनी ट्रेकडे बोट केलं, मशीनकडे केलं आणि हवेत एक मोठ्ठा गोल फिरवला. दशांशला वाटलं, पंखा लावा म्हणताहेत. पंखा लागला. काकींनी कपाळाला हात लावला, तेव्हा भाऊंनी पंखा वाढवला. मग काकी स्टुलावर बसल्या आणि घड्याळाकडे बघत राहिल्या.

साडेतीनला गणित झालं. लाल तीनशे एक, हिरव्या दोनशे नव्याण्णव. तीनचा फरक! दशांशने पुन्हा मोजून पाहिलं, फरक तोच. चिप नीट बसली नाही तर मशीनला आत काहीच दिसत नाही आणि ते बिनदिक्कत तिला कोरी म्हणतं, हे तिला आत्ता आठवलं. म्हणजे हिरव्यांतल्या तीन खोट्या. मग उरलेल्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा? सगळ्या पुन्हा तपासायच्या.

नेमके तेव्हाच साहेब उबवणीवाल्यांना घेऊन आत आले. माल कसा तयार होतो ते गिऱ्हाइकाला दाखवायची त्यांना भारी हौस. मशीनवर आठही दिवे लाल भडक, आणि भाऊ आनंदाने म्हणत होते, "आठच्या आठ मिळाल्या."

उबवणीवाले दारातच थबकले. दशांशने त्यांना समजावलं. कोरेपणा, मशीनचा दृष्टिकोन, दिव्याचा अर्थ प्रश्नावर कसा अवलंबून असतो, सगळं सात मिनिटं सविस्तर. त्यातलं उबवणीवाल्यांनी एवढंच घट्ट धरून ठेवलं की लाल म्हणजे आपलं भलं आहे. साहेबांनीही तेवढंच धरलं. दोघे चहाला गेले.

तीन चाळीसला काकींनी बोळा काढला, केराच्या डब्यात टाकला आणि जड जिभेने म्हणाल्या, "पोरी, सगळ्याच परत लिही की. लिहिलेल्यावर पुन्हा तेच लिहिलं तर काय बिघडतं?"

भाऊंनी हळूच पंखा बंद केला.

दशांशने मनात तपासून पाहिलं. मशीन आधी पुसतं, मग लिहितं. तयार चिप पुन्हा तयार होईल, कोरी पहिल्यांदा. पंच्याहत्तर फेऱ्या. दीड वाजता सुरू केलं असतं तर एव्हाना चिपा खोक्यात बसून प्रवासाला लागल्या असत्या.

"हे तुम्ही लिहून का नाही दाखवलं?" तिने क्षीण आवाजात विचारलं.

"पेन मागायला तोंड लागतं."

काकी बसवायला, दशांश बटणावर, भाऊ काढायला. भाऊंची जुनी सवय आता कामी आली; हिरवी खोक्यात, लाल बादलीत, हात आपोआप चालला. लाल एकही निघाली नाही. पावणेपाचला शेवटच्या आठ चिपा बसल्या आणि आठही दिवे हिरवेगार लागले.

दारात उभे उबवणीवाले दचकून पुढे आले. "आठही गेल्या?"

"नाही, आता हिरवी चांगली," दशांश म्हणाली.

"मघाशी?"

"मघाशी लाल चांगली."

उबवणीवाले साहेबांकडे वळले. आवाज शांत होता, पण त्यात उबेचा मागमूस नव्हता. मला लालवाल्याच हव्यात, म्हणाले, हिरव्या तुम्ही ठेवा. साहेबांनी दशांशकडे पाहिलं. दशांशने श्वास घेतला, पुन्हा तो दृष्टिकोनाचा विषय काढणार एवढ्यात काकींनी तिला बाजूला सारलं, गिऱ्हाइकासाठी स्टूल पुढे ओढलं आणि सांगितलं, "बसा. तुमच्यासमोर सगळ्या लाल करून दाखवते."

आणि दाखवल्या. कोरेपणाचं बटण, पंच्याहत्तर फेऱ्या, सहाशे लाल दिवे. उबवणीवाल्यांनी प्रत्येक दिवा बोटाने मोजला. शेवटच्याला त्यांनी काकींना नमस्कार केला आणि खोकं छातीशी धरून, अंडी नेल्यासारखे जपून पायऱ्या उतरले.

तेव्हा सहा वाजून गेले होते. माल उशिरा गेला, पण बिनचूक गेला. साहेबांनी बराच विचार करून खणातून पत्र काढलं, सही केली आणि सहीखाली हाताने एक ओळ वाढवली. दशांशने वाचली: गिऱ्हाइकाला दिव्यांचा अर्थ समजावून सांगू नये.

"साहेब," ती म्हणाली, "यात लिहितानाचे दिवे अभिप्रेत आहेत, की तपासतानाचे?"

काकींनी साहेबांच्या हातातलं पेन घेतलं आणि तिच्या हातात कोंबलं.

"सही कर आधी."